साउथवेलच्या परसातलं आंबट सफरचंद

उत्तम हापूस खाल्ला, कोय परसात पुरली, रोप वाढलं, काही वर्षांनी मोहोर आला आणि फळ धरलं. खाऊन पाहावं तर तो हापूस नसतोच. कोकणातलं शेंबडं पोरही सांगेल की कोयीपासून येतो तो रायवळ. हापूस हवा असेल तर कलमच बांधावं लागतं. सफरचंदाचं अगदी असंच आहे. एकाच सफरचंदाच्या पाच बिया पेरल्या तर पाच निराळी झाडं उगवतील आणि त्यांतलं एकही मूळ फळासारखं निघण्याची शक्यता जवळपास नाही. बहुतेकांची फळं बारकी, तुरट, तोंड वाकडं करायला लावणारी असतील.

मग दोनशे वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये उगवलेलं एक सफरचंद आजही त्याच नावाने, त्याच चवीने आणि त्याच बेढब आकारात दुकानात कसं मिळतं? त्या फळाचं नाव आहे ब्रॅम्ली. कच्चं खाल्लं तर दात आंबतात. तरीही इंग्लंडमध्ये स्वयंपाकाचं सफरचंद म्हटलं की हेच समोर येतं.

कुंडीतलं रोप आणि खाटकाचं नाव

नॉटिंगहॅमशायर परगण्यात साउथवेल हे छोटं गाव आहे. मिन्स्टर नावाचं तिथलं जुनं, भव्य चर्च प्रसिद्ध आहे. या गावात चर्च स्ट्रीटवरच्या एका घरात राहणाऱ्या मेरी अ‍ॅन ब्रेल्सफर्ड या मुलीने १८०९ मध्ये सफरचंदाच्या काही बिया रुजवल्या. त्यांतलं एक रोप पुढे बागेत लावलं गेलं. बिया कोणत्या सफरचंदाच्या होत्या याची नोंद नाही. मेरी अ‍ॅन लग्न होऊन गेली आणि झाड मागे वाढत राहिलं.

१८४६ मध्ये ते घर बागेसकट मॅथ्यू ब्रॅम्ली नावाच्या खाटकाने विकत घेतलं. त्यानंतर दहा वर्षांनी, १८५६ मध्ये, हेन्री मेरीवेदर हा सतरा वर्षांचा पोरगा या गोष्टीत येतो. त्याच्या घरचा रोपवाटिकेचा धंदा होता. सांगतात की वाटेत एका माळ्याच्या टोपलीत त्याने मोठाली, देखणी सफरचंदं पाहिली, ती कुठली म्हणून चौकशी केली आणि माग काढत तो ब्रॅम्लीच्या दारात पोचला. झाडाच्या काड्या कलमासाठी नेऊ का, असं त्याने विचारलं. ब्रॅम्लीने होकार दिला, पण एक अट घातली: फळाला माझं नाव द्यायचं.

मेरीवेदरने शब्द पाळला. ३१ ऑक्टोबर १८६२ या तारखेला त्याच्या हिशेबाच्या वहीत पहिली विक्री नोंदलेली आहे: तीन ब्रॅम्ली, दोन शिलिंग. १८७६ मध्ये लंडनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या फळसमितीने या सफरचंदाची खास प्रशंसा केली आणि मग त्याचा प्रसार झपाट्याने झाला. ज्या मुलीने बी रुजवलं ती १८५२ मध्येच वारली होती. कलमं सुरू होण्याच्याही आधी. आपण काय लावून गेलो हे तिला कधीच कळलं नाही. फळाला नाव मिळालं ते ज्याने ना बी पेरलं ना कलम बांधलं त्याचं, याची मला आजही रुखरुख वाटते. तिचं नाव आता साउथवेलमध्ये आदराने घेतात, एवढंच समाधान.

बियांमध्ये काय घडतं

सफरचंदाच्या बहुतेक जाती स्वतःचा पराग स्वीकारत नाहीत. मधमाशीने त्याच झाडाचा, किंवा त्याच जातीच्या शेजारच्या झाडाचा पराग आणून टाकला तरी फूल तो ओळखतं आणि परागनलिकेची वाढ मध्येच रोखतं. फळ धरायला परक्या जातीचा पराग लागतो. त्यामुळे प्रत्येक बी दोन निराळ्या झाडांचं अपत्य असतं.

शिवाय सफरचंदाचं मूळ कुळच मिश्र आहे. त्याचे रानटी पूर्वज मध्य आशियात, आजच्या कझाकस्तानातल्या तिएनशान पर्वताच्या उतारांवर अजूनही सापडतात. तिथून व्यापाऱ्यांच्या आणि जनावरांच्या वाटेने ते पश्चिमेकडे सरकलं, वाटेत युरोपातल्या रानसफरचंदांशी त्याचा संकर झाला. इतक्या पिढ्यांची सरमिसळ एका झाडात साठलेली असते. बी तयार होताना या साठ्यातला निम्मा भाग आईकडून आणि निम्मा बापाकडून येतो, आणि कोणता निम्मा येईल हे दर वेळी नव्याने ठरतं. एका फळातल्या दोन बियासुद्धा सारख्या नसतात.

परका पराग आला तर फळाची चव का बदलत नाही, असा प्रश्न इथे हटकून पडतो. आपण खातो तो गर आईच्या झाडाचाच भाग असतो. फुलाच्या बुडाशी असलेला मांसल भाग फुगून तो तयार होतो. दोघांचा वाटा असतो तो फक्त आतल्या बियांमध्ये. म्हणून पराग कुणाचाही असो, ब्रॅम्लीच्या झाडावर ब्रॅम्लीच लागतं.

कलम म्हणजे त्याच झाडाचा तुकडा

इंग्लंडमध्ये सफरचंदाचं झाड हिवाळ्यात पानं गाळून झोपतं. तेव्हा गेल्या मोसमात वाढलेली, पेन्सिलीएवढी जाड कलमकाडी कापून ठेवतात. हिवाळा सरता सरता दुसऱ्या एका रोपाचा, म्हणजे खुंटाचा, शेंडा छाटून त्याला दोन-तीन बोटं लांबीचा तिरका काप देतात. कलमकाडीलाही तसाच तिरका काप. दोन्ही कापांत एकेक छोटी जीभ काढतात, म्हणजे काडी खुंटात अडकून बसते आणि हलत नाही. मग पट्टी घट्ट बांधायची आणि वारा-पाणी जाऊ नये म्हणून मेण लावायचं.

सगळी मदार असते सालीच्या लगेच आत असलेल्या एका पातळ, हिरवट, ओलसर थरावर. झाडाची जाडी याच थरातून वाढते, कारण इथल्या पेशी सतत विभागत असतात. काडीचा आणि खुंटाचा हा थर एकमेकांना टेकला, तर दोन्हीकडच्या पेशी वाढून एकमेकींत गुंततात, पाण्याच्या नळ्या जुळतात आणि काही आठवड्यांत डोळे फुगू लागतात. थर चुकला तर काडी वाळते. माळ्याचा हात कसलेला आहे की नाही, हे इथे कळतं.

जोडाच्या खाली मुळं खुंटाची, वर सगळं ब्रॅम्लीचं. झाड किती उंच होणार आणि किती लवकर फळणार यावर खुंटाचा फार प्रभाव असतो. त्यासाठी केंट परगण्यातल्या ईस्ट मॉलिंग संशोधन केंद्राने विसाव्या शतकात खुंटांची रीतसर वर्गवारी केली. त्यांच्या ‘एम ९’ खुंटावर झाड हातपोच राहतं, ‘एम २५’वर शिडी लावावी लागते. फळ मात्र दोन्हीकडे ब्रॅम्लीच.

म्हणून केंटमध्ये असो वा आयर्लंडमध्ये, प्रत्येक ब्रॅम्ली म्हणजे चर्च स्ट्रीटवरच्या त्या एका झाडाचाच लांबवर पसरलेला भाग आहे. उत्तर आयर्लंडच्या आर्मा परगण्यात १८८४ मध्ये मेरीवेदरकडून नेलेली झाडं लागली आणि तो परगणा ब्रॅम्लीचं आगर बनला. ‘आर्मा ब्रॅम्ली’ला २०१२ मध्ये युरोपीय संघाचं भौगोलिक मानांकनही मिळालं.

तीन संचांचं झाड

ब्रॅम्ली लावणाऱ्याला रोपवाटिकेत एक चमत्कारिक सूचना मिळते: याच्याजवळ आणखी दोन वेगळ्या जातींची झाडं हवीत. एक पुरत नाही.

कारण पेशीच्या केंद्रकात आहे. साधारण सफरचंदात गुणसूत्रांचे दोन संच असतात, सतरा आईकडून आणि सतरा बापाकडून, मिळून ३४. मेरी अ‍ॅनच्या त्या बीमध्ये मात्र एका पालकाकडून निम्म्याऐवजी पूर्ण वाटा आला. संच झाले तीन आणि गुणसूत्रं ५१. अशा झाडांना त्रिगुणित म्हणतात. ब्रॅम्लीची पानं मोठी आणि जाड, झाड दांडगं, फळ चांगलंच मोठं, यामागे या जादा संचाचा हात आहे.

पण पराग तयार होताना गुणसूत्रांच्या जोड्या लागून त्यांची समान वाटणी व्हावी लागते. तीनांच्या जोड्या लागत नाहीत. वाटणी बिघडते आणि बहुतेक पराग निकामी निघतो. म्हणजे ब्रॅम्ली शेजारच्या झाडाकडून पराग घेतं, पण त्याला परत काही देऊ शकत नाही. शेजारी एकच झाड असेल तर त्याला स्वतःचा पराग चालत नाही आणि ब्रॅम्लीचा उपयोगी पडत नाही. ते बिचारं वांझ राहतं. म्हणून तिसरं झाड लावायचं, म्हणजे दोघं एकमेकांना पराग देतात आणि दोघांकडून ब्रॅम्लीला मिळतो.

छाटणीतही याचा वेगळा हट्ट आहे. बरीच फळं फांदीच्या टोकाला धरतात, त्यामुळे सगळे शेंडे नीटनेटके छाटणारा माळी पुढच्या वर्षीचं पीकही छाटून टाकतो.

[चौकट] ब्रॅम्लीची ओळख

फळ: मोठं, चपटसर, ओबडधोबड; हिरवं, उन्हाच्या बाजूला तांबूस झाक.
गर: पांढरा, रसाळ, आंबट, शिजल्यावर विरघळून लगदा होतो.
तोडणी: मुख्यतः ऑक्टोबर.
झाड: जोमदार, दीर्घायुषी, त्रिगुणित, परागासाठी दोन निराळ्या जातींची सोबत लागते.
वापर: पाय, क्रम्बल, भाजलेलं सफरचंद, डुकराच्या मांसासोबतचा सॉस.

आंबटपणाचा उपयोग

इंग्रजांच्या घरात सफरचंदांचे दोन वर्ग असतात: कच्चं खायचं आणि शिजवायचं. आपल्याला ही विभागणी नवखी वाटते. पण एकदा गोड सफरचंद शिजवून पाहिलं की तिचं कारण समजतं. शिजलेलं गोड सफरचंद मिळमिळीत लागतं, कारण त्याची लज्जत बरीचशी सुगंधावर असते आणि सुगंधाची द्रव्यं उष्णतेने उडून जातात. उरते साखर, आणि नुसत्या साखरेला चेहरा नसतो.

आंबटपणा मात्र टिकतो. सफरचंदातलं मुख्य आम्ल म्हणजे मॅलिक आम्ल, आणि ते वाफेबरोबर उडत नाही. ब्रॅम्लीत ते खाण्याच्या सफरचंदांपेक्षा बरंच जास्त असतं, साखर कमी. त्यामुळे भट्टीतून निघालेल्या पायमध्येही सफरचंदाची ठसठशीत चव राहते. गोडी हवी तेवढी वरून घालता येते. आंबटपणाचा कणा फळातच असावा लागतो.

दुसरा गुण पोताचा. सफरचंदाच्या पेशी एकमेकींना पेक्टिनच्या थराने जोडलेल्या असतात. उष्णतेने हा थर सुटू लागतो. खाण्याच्या जातींत तो इतक्या सहज सुटत नाही, म्हणून फोडी शिजूनही फोडीच राहतात. ब्रॅम्लीत पेशी भराभर सुट्या होतात. पातेल्यात चमचाभर पाणी घालून फोडी टाका. थोड्याच वेळात कडा विरघळतात, फोड मधून फुगते आणि ढवळायच्या आतच हलका, फेसाळ, पांढरट लगदा तयार होतो. मिक्सर नको, चाळण नको. सॉससाठी यापेक्षा सोयीचं फळ नाही. मात्र फ्रेंच पद्धतीच्या टार्टवर चकत्यांची सुबक नक्षी हवी असेल तर ब्रॅम्ली तिथे कुचकामी आहे.

तोडल्यावरही श्वास चालू

सफरचंद तोडल्यावरही जिवंत असतं. हवेतला ऑक्सिजन घेऊन ते आपल्यातली साखर आणि आम्ल हळूहळू जाळतं आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर सोडतं. हा श्वास जितका जोरात, तितकं ते लवकर पिकून पिठूळ होतं. थंडीने श्वास मंदावतो, हे लोकांना पूर्वापार माहीत होतं. म्हणूनच गार, अंधाऱ्या कोठीत ब्रॅम्ली वसंतापर्यंत टिकायचं.

फ्रँकलिन किड आणि सिरिल वेस्ट या केंब्रिजच्या शास्त्रज्ञांनी १९२० च्या दशकात पुढची पायरी गाठली. कोठीतला ऑक्सिजन कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त ठेवला तर श्वास आणखी मंदावतो, हे त्यांनी मोजून दाखवलं. यात सोय अशी की हवाबंद कोठीत फळं स्वतःच्या श्वासानेच हवा बदलतात. माणसाने प्रमाणावर नजर ठेवायची आणि गरजेपुरती ताजी हवा आत सोडायची. या तत्त्वावरची पहिली व्यापारी कोठी १९२९ मध्ये कँटरबरीजवळ उभी राहिली, आणि तिच्यात भरलेलं फळ होतं ब्रॅम्ली. आज भर उन्हाळ्यात जगभरच्या दुकानांत सफरचंदं मिळतात, ती याच पद्धतीच्या सुधारलेल्या कोठ्यांतून येतात.

मूळ झाडाचं म्हातारपण

१९०० च्या सुमाराला मोठ्या वादळात साउथवेलचं मूळ झाड आडवं झालं. पण जमिनीला टेकलेल्या भागातून ते पुन्हा मुळं धरून उभं राहिलं आणि फळतही राहिलं. आता त्याला हनी फंगस या बुरशीने ग्रासलं आहे. ही बुरशी मुळांतून शिरते, सालीखाली पांढरे पापुद्रे पसरवते आणि मातीतून काळ्या दोऱ्यांसारख्या तंतूंनी पुढच्या झाडाकडे सरकते. एकदा लागली की तिच्यावर इलाज नाही.

हे दिसू लागल्यावर नॉटिंगहॅम विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात मूळ झाडाच्या कोवळ्या भागांपासून ऊतिसंवर्धनाने रोपं तयार केली. निर्जंतुक केलेला छोटासा तुकडा साखर, क्षार आणि वाढीची संप्रेरकं असलेल्या जेलीत ठेवतात. संप्रेरकांचं प्रमाण बदललं की त्याला आधी फुटवे येतात, मग मुळं. या रोपांना परका खुंट नाही. मुळांपासून शेंड्यापर्यंत ती ब्रॅम्लीच आहेत, जसं मेरी अ‍ॅनचं रोप होतं. मूळ झाडाची जागा २०१८ मध्ये नॉटिंगहॅम ट्रेंट विद्यापीठाकडे गेली.

इतकी वर्षं काडीवरून काडी घेत राहिल्याने वाण उतरत नाही का? थोडा बदल होतो. पेशी विभागताना क्वचित एखादी चूक राहते, आणि ती डोळ्यातल्या वाढत्या पेशीत राहिली तर त्या डोळ्यातून आलेली सबंध फांदी वेगळी निघते. गडद लाल सालीचं ‘क्रिमसन ब्रॅम्ली’ असंच सापडलं. माळ्याला आवडलं तर तो त्या फांदीची कलमं करतो, नाहीतर ती फांदी छाटली जाते. जाणत्या हाताने काडी निवडली जाते तोवर वाण राखलं जातं.

न्यूटनचं झाड पुण्यात

कलमांनी जपलेलं आणखी एक झाड शेजारचंच. नॉटिंगहॅमशायरला लागून असलेल्या लिंकनशायर परगण्यात वुल्सथॉर्प इथे न्यूटनचं घर आहे. प्लेगमुळे केंब्रिज बंद पडलं तेव्हा, १६६५-६६ मध्ये, तो तिथे परतला होता. सफरचंद पडताना पाहून गुरुत्वाकर्षणाचा विचार सुचल्याचं त्यानेच उतारवयात, १७२६ मध्ये, विल्यम स्टकली या मित्राला सांगितलं. ते झाड ‘फ्लॉवर ऑफ केंट’ जातीचं. तेही १८२० च्या सुमाराला वादळात कोसळलं आणि आडव्या खोडातून पुन्हा वाढलं. त्याच्या काड्या जवळच्या बेल्टन इथल्या बागेत, तिथून ईस्ट मॉलिंगला आणि पुढे जगभर गेल्या. पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या आवारातही त्या वंशाचं झाड लावलं गेलं.

पुण्यात सफरचंद रमणं अवघडच. हिवाळ्यात झोपलेले डोळे उघडायला त्यांना शून्य ते सात अंश तापमानात बरेच तास काढावे लागतात. जुन्या इंग्रजी जातींना साधारण हजार. डोळ्यातली वाढ रोखणारी द्रव्यं त्या थंडीत हळूहळू ओसरतात. पुण्याच्या थंडीत तेवढे तास भरत नाहीत, मग डोळे उशिरा आणि अर्धवट फुटतात. महाराष्ट्रात अलीकडे काही शेतकरी सफरचंद लावतात ते हरमन-९९ किंवा अ‍ॅनासारख्या थोड्या थंडीवर भागवणाऱ्या जातींचं. हिमालयात थंडीची अडचण नव्हती. कॅप्टन ली याने १८७० मध्ये कुल्लू खोऱ्यात बांद्रोल इथे इंग्रजी जातींची बाग लावली. पण आंबटसर इंग्रजी सफरचंदं आपल्या लोकांच्या पसंतीला फारशी उतरली नाहीत. सॅम्युअल स्टोक्स यांनी कोटगढला अमेरिकेतून आणलेलं गोड, लालभडक रेड डिलिशस मात्र हिमाचलभर पसरलं.

‘फ्लॉवर ऑफ केंट’ हेही शिजवायचंच सफरचंद, पण पिठूळ. निव्वळ चवीवर ते आजवर तगलं असतं असं मला वाटत नाही. न्यूटनच्या नावाने त्याला तारलं. ब्रॅम्लीला तारलं ते पाय आणि क्रम्बलने. म्हणून बुरशीपेक्षा मला दुसरी काळजी जास्त वाटते: घरी पाय करणारे हात कमी झाले की कलमं बांधणारे हातही कमी होतात. ब्रॅम्लीबरोबरच्या स्वयंपाकाच्या कितीतरी इंग्रजी जाती बाजारातून अशाच गेल्या. त्यांतल्या अनेक आता केंटमधल्या ब्रॉगडेल इथल्या राष्ट्रीय फळसंग्रहात आहेत. तिथे सफरचंदाच्या दोन हजारांहून अधिक जाती जपलेल्या आहेत, आणि कुणाला एखादी जात पुन्हा आपल्या बागेत लावायची असेल तर हिवाळ्यात तिथून कलमकाड्या मिळतात.